आत्याबाईंच्या शेपटीवरची रेघ

मिल्या,

आज सकाळी आत्याबाई गेल्या. योस आला होता, त्याच्या जुन्या गाडीत लाकडी पेटी घेऊन. पेटीचं दार लावलं, आतून पायातलं घुंगरू एकदा वाजलं, आणि गाडी तुमच्या गल्लीच्या टोकाला उजवीकडे वळली. तुझी मृणाल फाटकात उभी होती. मी तुझा चामड्याचा हातमोजा डाव्या हातात तसाच घालून उभा होतो. काढायचं सुचलंच नाही.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत तुझ्यावर अर्धं पान आलंय. तू कुठे शिकलास, बेस्ट या डच गावात कधी आलास, किती लोकांना घर शोधून दिलंस, सगळं आहे त्यात. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती करायला मी घाबरतोय. घाबरलो की मी आधी इकडचं तिकडचं बोलतो, हे तुला माहीत आहे. तर आधी तेच करतो.

माझ्या भित्रेपणाचा तुझ्याएवढा अभ्यास कुणीच केला नसेल. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये पाल दिसली की मी टॉवेल खांद्यावर टाकून तुझ्या दारात उभा. तू जाऊन तिला हुसकून यायचास आणि कमरेत वाकून म्हणायचास, "यावं महाराज." तीस वर्षं हेच चाललं. इथे पाली नव्हत्या, तर मी दुसऱ्या गोष्टी शोधल्या. बर्फावरची सायकल, शेजाऱ्यांचा कुत्रा, खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेलं कुठलंही पाकीट. पाकीट मी न फोडता तुझ्याकडे आणायचो. तू चहा गाळता गाळता ते फोडायचास आणि सांगायचास, "कचऱ्याचा डबा गुरुवारऐवजी बुधवारी ठेवायचाय. वाचलास." तू गेल्यापासून माझ्याकडे चार पाकिटं तशीच पडली आहेत.

आणि अशा माणसाच्या जिवलग मित्राने बाज पाळावा, ही देवाने केलेली चेष्टाच म्हणायची.

आठ वर्षांपूर्वीचा तो रविवार आठव. आपण माळावर सायकली घेऊन गेलो होतो, डब्यात मेथीचे पराठे. समोरून एक म्हातारा आला, आणि त्याच्या मुठीवर कोंबडीएवढा करडा पक्षी. मी सायकल वळवली. तू सायकल टाकून दिलीस. तोच योस. अर्ध्या तासाने तू परत आलास तेव्हा पराठे गार होते आणि तुझं डोकं गरम. "हात लावू देत नाही रे. म्हणतो, आधी दोन वर्षं माझ्यामागे चाल." आणि तू चाललास की दोन वर्षं! दर शनिवारी, चिखलातून, काठीने झुडपं बडवत, त्याच्या पक्ष्यासाठी ससे उठवत. मुंजीतली संध्या तीन महिन्यांत विसरलेला माणूस डच भाषेत शिकारीच्या कायद्याची परीक्षा पास झाला. मग तुमच्या गॅरेजात दुसरा फ्रीझर आला. एका फ्रीझरात मृणालचे उकडीचे मोदक, शेजारच्यात एक दिवसाची मेलेली कोंबडीची पिल्लं, पिवळीधमक, पिशव्या भरभरून. "एखाद्या चतुर्थीला नैवेद्य बदलेल," असं मी म्हणालो आणि मृणाल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग ती आली. मादी बाज. पहिल्याच दिवशी तू मला शिकवलंस की या कामात मादीच मोठी आणि बाज हे नाव तिचंच. नर बिचारा लहानखुरा, त्याला वेगळा शब्द, जुर्रा. तिचे डोळे नारिंगी, वर पांढऱ्या भुवया, आणि बघणं असं की आपल्या हातून काहीतरी सांडलंय. "नाशिकची आत्या," तू म्हणालास. "हुबेहूब." आत्याबाईला मिशा असत्या तर, असं मी सुरू केलं आणि ती तुझ्या मुठीवरून उलटी झाली. डोकं खाली, पंखांचा थडथडाट, पायातल्या चामड्याच्या पट्ट्यांना लटकलेली. मी ओरडलो. तू हललासुद्धा नाहीस. कुंपणाकडे बघत, दुसरा हात तिच्या छातीखाली घालून तिला परत मुठीवर ठेवलंस. ती परत उलटी झाली. तू परत ठेवलंस. त्या दुपारी असं किती वेळा झालं कोण जाणे, तुझा आवाज एकदाही चढला नाही. नंतर तू वहीत शब्द लिहिलास: बिथरणे.

ती तुझी निळ्या पुठ्ठ्याची वही. पक्ष्याइतकाच तुझा जीव तिच्यात होता. योसच्या तोंडचा प्रत्येक डच शब्द टिपायचा, त्याचा इंग्रजी भाऊबंद शोधायचा आणि समोर मराठी लिहायचं. जुन्या संस्थानांच्या शिकारखान्यांत हे सगळे शब्द होते, बाजदार गेले आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेले, असं तुझं म्हणणं. काही शब्द तुला सापडले, उरलेले तू घरातलेच कामाला लावलेस. पायातल्या पट्ट्या त्या वाद्या. डोळे झाकायला डोक्यावर चढवायची ती टोपी. माणसाची सवय लावायची ते माणसाळवणं. आणि उन्हाळ्यात जुनी पिसं झडून नवी येईपर्यंत चार महिने ती ज्या लाकडी खोपटात नुसती बसून खायची, त्याला तू नाव दिलंस माहेर. एप्रिलमध्ये तुझा फोन यायचा, "आत्याबाई माहेरी आल्यात. आता काम नाही, धाम नाही, नुसतं कोडकौतुक."

"कोण वाचणार ही वही?" मी विचारायचो. "मराठीत बाज पाळणारा तू एकटा."

"शब्द असला की दिसतं रे. नाहीतर नुसती फडफड दिसते."

एकदा वही चाळून मी म्हणालो, यातले निम्मे शब्द भीतीचेच आहेत. बिथरणं, दबकणं, अंग चोरणं, टोपीसुद्धा भीतीसाठीच. तुला वाटलं मी चेष्टा करतोय. मी करत नव्हतो. मला त्या वहीत माझंच चरित्र दिसत होतं.

"मग बरोबर आहे," तू म्हणालास. "तिची भीती घालवायची तर आधी आपली जावी लागते. म्हणून म्हणतो, आत ये एकदा."

"मी बाहेर बरा."

सहा वर्षं मी बाहेर बरा होतो. माहेरच्या पुढच्या भिंतीला उभ्या पट्ट्या आहेत, त्यांच्यातून आत बघत चहा प्यायचो. तू आत जाताना रोज तेच बोलायचास, "आत्याबाई, येऊ का?" आणि ती मान वाकडी करायची. मी तुला म्हणालो होतो, एक पाइप बसवून देतो. बाहेरून पिल्लू टाकायचं, आत फळीवर पडेल. योसकडे तसाच आहे, पुष्कळ जण तसंच करतात. तू ऐकलं नाहीस. चार महिने माणूस दिसला नाही तर सप्टेंबरात तिला पहिल्यापासून माणसाळवावं लागेल, तिला रोज कुणीतरी आत आलेलं दिसलं पाहिजे, हा तुझा हेका. त्या पाइपवरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. पाइप असता तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. बघ, अजूनही तुझ्यावरच ढकलतोय.

तर आता ते.

मंगळवारी तुझ्या छातीत कळ आली आणि तुला दवाखान्यात नेलं. सोमवारी बायपास ठरली. तू ठणठणीत बोलत होतास, जेवणाला नावं ठेवत होतास. मृणाल तुझ्या उशाशी. योस नेमका फ्रान्समध्ये, ऑगस्टात हा अख्खा देशच गाडीला कॅरव्हॅन जोडून निघून जातो. उरलो मी. बुधवारी सकाळी तू फोनवर मला एकेक पायरी सांगितलीस. दारं दोन आहेत, पहिलं लावून घे, मगच दुसरं उघड. आत जाताना बोल म्हणजे ती दचकणार नाही. डोळ्यांत बघू नकोस. तीन पिल्लं फळीवर ठेव आणि मागच्या पावली ये. "दोन मिनिटांचं काम आहे सुहास. आणि विसरू नकोस, शेपटीची मधली दोन पिसं अजून वाढतायत. उपाशी राहता कामा नये."

मी गेलो. पिल्लं गरम पाण्यात पिशवीसकट भिजवून मऊ केली, पिशवीकडे न बघता. पहिलं दार उघडलं, आत शिरलो, लावून घेतलं. दोन दारांच्या मधल्या त्या कपाटाएवढ्या जागेत अंधार होता आणि फळीवर तुझी वही होती. पलीकडे घुंगरू वाजलं. मी म्हणालो, "आत्याबाई." पुढचं तोंडातून येईना. तेवढ्यात तिने पट्ट्यांवर झेप घेतली, सगळं खोपट हादरलं, आणि मी बाहेर होतो. कसा आलो आठवत नाही. थेट मृणालच्या टोमॅटोच्या वाफ्यात जाऊन बसलो.

मग मी काठी शोधली. पट्ट्यांच्या फटीतून तिन्ही पिल्लं एकेक करून आत ढकलली. कुठे पडली ते दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे मी पाहिलं नाही.

संध्याकाळी भेटायच्या वेळेला मी आलो. तू पहिलंच विचारलंस, "खाल्लं का तिने?"

"हो."

"म्हणजे तू आत गेलास?"

इथे मला थांबता आलं असतं, मिल्या. पट्ट्यांतून ढकललं म्हणालो असतो तर तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास आणि मृणालला तासाभरासाठी घरी पिटाळलं असतंस. पण तू उशीवरून मान उचलून बघत होतास.

"गेलो," मी म्हणालो.

नाकात नळी घातलेला माणूस इतका हसू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. ते मशीन टुंटुं करायला लागलं, नर्स धावत आली. तू तिला डचमध्ये सांगितलंस की हा माझा तीस वर्षांचा मित्र, पालीला भितो, आणि आज हा बाजाच्या खोलीत एकटा गेला. तिने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. तुझ्यासमोर मी आयुष्यात इतका मोठा कधी झालो नव्हतो.

गुरुवारी सकाळी पट्ट्यांतून वाकून पाहिलं तर तिन्ही पिल्लं पुढच्या फळकुटामागच्या खाचेत पडली होती. तिला दिसणार नाहीत, पोचणार नाहीत अशी. माशा घोंघावत होत्या. ती वरच्या दांडीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी नवी पिल्लं घेऊन पहिल्या दारापर्यंत गेलो. तीनदा गेलो. आदल्या दिवशी मी एका पक्ष्याला घाबरत होतो. आता मी त्या पक्ष्याला आणि तुला, दोघांना घाबरत होतो. आत गेलो आणि तिने चेहरा ओरबाडला तर तुला काय सांगणार, की काल नव्हतो गेलो म्हणून? अकरा वाजता पिल्लं कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकली आणि ऑफिसची मीटिंग गाठली.

संध्याकाळी तू म्हणालास, "आज?"

"सगळं खाल्लं."

"काय म्हणाली तुला?"

"सांडलंय ते पूस म्हणाली." तू हसलास. मला तेवढ्यावर राहवेना. "येऊ का म्हटल्यावर मान वाकडी केली तिने."

"करते ना? तसंच करते!" तू मृणालचा हात हलवलास. "ओळखलं बघ तिने त्याला." मग डोळे मिटून म्हणालास, "आता मला काळजी नाही."

हे तू माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. शुक्रवारी पहाटे तू गेलास. सोमवार आलाच नाही.

त्या दिवशी पक्ष्याची आठवण कुणालाच झाली नाही, असं मी लिहिणार होतो. मला झाली होती. दिवसभर झाली. तुझ्या घरात माणसं भरली होती, मृणाल सोफ्यावर दगडासारखी बसली होती, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खोपटाकडे पाठ करून सगळ्यांना चहा देत होतो.

शनिवारी सकाळी मी आत गेलो. धीर आला म्हणून नाही. जिवंत होतास तोवर तुला फसवता येत होतं. गेल्यावर मला वाटायला लागलं, आता याला सगळं दिसतंय. दोन दारांच्या मधे उभा राहून तुझा हातमोजा चढवला, मुठीत पिल्लू धरलं, आणि दुसरं दार उघडलं. ती दांडीवरून सरळ माझ्या हातावर आली. इतकं वजन असेल असं वाटलं नव्हतं. नख्या चामड्यातून जाणवत होत्या. तुझ्या वहीत आहे की घाबरलेला पक्षी माणसासमोर खायला मान खाली घालत नाही, कारण तेवढा वेळ त्याला नजर काढावी लागते. ती मान खाली घालेपर्यंत वाट बघायची, त्यासाठी तू तासन्‌तास बसायचास. आत्याबाईंनी मला क्षणभरही थांबवलं नाही. पंख पसरून पिल्लावर तुटून पडल्या. एवढी भूक लागली होती तिला.

तुझ्या निरोपाच्या हॉलमध्ये सगळे जमले. मृणालने कागद आणला होता, पण तो न बघताच बोलली. म्हणाली, "शेवटचे दोन दिवस मिलिंद एकाच गोष्टीने खूश होता. सुहास आत गेला. मला सारखं सांगत होता, भित्रा आत गेला गं." लोक रडता रडता हसले. नंतर कॉफी आणि केक होता इथल्या पद्धतीने. ब्रेडाहून आलेल्या तुझ्या मावसभावाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुम्हीच का ते?" मी हो म्हणालो. मग केकचे दोन तुकडे खाल्ले.

तेव्हापासून रोज गेलो. एक दिवस चुकवला नाही. लोक सांगतात तशी भीती गेली वगैरे काही झालं नाही. रोज म्हणायचो, "आत्याबाई, येऊ का?" ती मान वाकडी करायची, खरंच करायची, आणि मला तुझं ते "ओळखलं बघ" ऐकू यायचं.

चौथ्या आठवड्यात मला ती रेघ दिसली. ती पाठमोरी बसून शेपूट पसरत होती. मधली दोन नवी पिसं चांगली लांब झाली होती आणि दोन्हींवर, टोकापासून चार बोटांवर, एकाच उंचीला, आडवी बारीक रेघ. कपाटाच्या कडेला अडकून साडीला खेच बसते तशी. मला आधी काही कळलं नाही. मग मी बाहेर येऊन तुझी वही उघडली.

"भूकरेघ," तुझं अक्षर. "पीस वाढत असताना पक्षी उपाशी राहिला किंवा फार भ्याला, तर त्या दिवसांची रेघ पिसावर उमटते. पुसता येत नाही. पीस पुढे तिथेच मोडतं. जाणकार माणूस रेघ बघून कुठले दिवस ते सांगतो."

मी वही मिटली आणि त्याच टोमॅटोच्या वाफ्यात परत बसलो. योस जाणकार होता. तो सुट्टीवरून आला होता, आत्याबाईंचे कागद स्वतःच्या नावावर करून घेत होता, आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी येणार होता. ते दहा दिवस मी झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. कधी वाटायचं, म्हाताऱ्याची नजर अधू झाली असेल. कधी वाटायचं, तो काहीच बोलणार नाही, डच लोक दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. हे किती खोटं आहे ते इथे इतकी वर्षं राहून मला माहीत आहे.

आज तो आला. एकटाच आत गेला. नवा माणूस बघून ती बिथरली, भिंतीवर आपटली, आणि मला बाहेर आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. योस तिला टोपी घालून, मुठीवर घेऊन बाहेर आला. दुसऱ्या हातात चार बोटांचा पिसाचा तुकडा. मधल्यातलं एक पीस गेलं होतं. त्याने दुसऱ्यावरची रेघ अंगठ्याने चाचपली, रेघेपासून मुळाकडे बोटं मोजत गेला, आणि म्हणाला, "भूक. तीन दिवसांची. ऑगस्टातली."

"शक्यच नाही," मृणाल डचमध्ये म्हणाली. "सुहास रोज जात होता. मिलिंद दवाखान्यात असल्यापासून." योसने खांदे उडवले. तो कुणावर चिडला नव्हता, नुसतं वाचून दाखवत होता. मृणाल माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सांग ना त्याला."

मिल्या, पट्ट्यांपलीकडच्या त्या झेपेलासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

"मी नव्हतो गेलो," मी म्हणालो.

"कधी?"

"तो होता तोवर. शनिवारी गेलो पहिल्यांदा."

तिने योसच्या हातातला तुकडा पाहिला. मग म्हणाली, "मला सांगायचं होतंस रे. वीस मिनिटांवर होते मी. येऊन घालून गेले असते." आणि आत निघून गेली. स्वयंपाकघराचं दार लागलं. मला वाटलं, संपलं. तू गेलासच, आता हे घरही गेलं. योस पक्षी घेऊन तसाच उभा, त्याला काही कळत नव्हतं, आणि मला ते डचमध्ये सांगायला शब्द नव्हते.

दार उघडलं. मृणालच्या हातात स्ट्रोपवाफल बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तिने तो बागेतल्या टेबलावर ठेवला, शेजारी टॉवेल ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "धर तिला."

डब्यात आत्याबाईंची झडलेली पिसं. तू दर वर्षी वेचून, कागदात गुंडाळून, वर लिहून ठेवलेली. पंख उजवा, पंख डावा, शेपूट मधली. मी वहीत वाचलं होतं, सांधणी. पीस मोडलं तर त्याच जागेचं जुनं पीस घ्यायचं, दोन्ही दांड्यांत बारीक सुई बसवायची, चिकटवायचं, पक्षी उडायला मोकळा. त्यासाठी झडलेलं काही फेकायचं नसतं. योसचा चेहरा उजळला. त्याला दोन्ही हात लागणार होते, आणि मृणाल डब्यातून बरोबर पीस शोधत होती.

म्हणून मी आत्याबाईंना धरलं. टॉवेलात गुंडाळून, टेबलावर, दोन्ही हातांनी पंख दाबून. ती गरम होती आणि तिला धुळीचा, थोडा लोखंडासारखा वास होता. टॉवेलाखाली तिचं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की आधी मला वाटलं ते माझंच आहे. इतकी वर्षं मी तिला घाबरलो आणि ती टोपीखाली माझ्या हातांना घाबरून कापत होती. मला तिच्याशी बोलायचं होतं. तुझंच वाक्य आलं तोंडात, येऊ का, येऊ का, दुसरं काही येईना. योसने रेघेवर पीस सरळ कापलं, सुई बसवली, गेल्या वर्षीच्या पिसाचं टोक त्यावर चढवलं. ते किंचित भुरकट आहे, उन्हाने उडालेलं. तुझ्या हातचं खाऊन वाढलेलं.

दुसऱ्या पिसावरची रेघ अजून तशीच आहे. योस म्हणाला, ते आज मोडेल नाहीतर जानेवारीत सशावर झेपावताना मोडेल. डबा तो बरोबर घेऊन गेला. म्हणजे आता हिवाळाभर फोन वाजला की मला वाटणार, मोडलं.

तुझे आभार मानायचे होते, ते राहूनच गेले. पालींचे, पाकिटांचे, पराठ्यांचे. माझ्यासारख्या माणसाला सहा वर्षं एकाच वाक्यात आत बोलावत राहिलास, त्याचे. मृणालने आज मला चहा विचारला नाही. तुमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं. तिला मी उद्या फोन करणार आहे, आणि आत्तापासून घाबरलोय.

मोडलेला तुकडा योसने मला दिला. तो माझ्यासमोर टेबलावर आहे, टोकाकडे सुबक आणि खाली जिथे रेघ होती तिथे चिरफाळलेला. आता तू ते परत विचार. उशीवरून मान उचलून विचारलंस तसंच.

नाही रे मिल्या. तिने खाल्लं नव्हतं. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. तू हसत होतास तेव्हा ती उपाशी होती, आणि तू गेलास तेव्हाही उपाशी होती. मी आत गेलो नव्हतो. मी दाराबाहेर उभा होतो.